उकळल्याने फ्लोराईड जातं का?

शंका : आमच्या बोअरिंगच्या पाण्यात फ्लोराईड जास्त निघालं. फ्लोरिन हा वायू आहे, असं मुलीच्या पुस्तकात वाचलं. मग पाणी खळखळ उकळलं तर तो उडून जाईल ना? (वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर)

समाधान : नाही, आणि कृपा करून तसं करूही नका. फ्लोरिनच्या अणूत ९ इलेक्ट्रॉन असतात: आत २, बाहेरच्या कवचात ७. बाहेर ८ झाले की तो स्थिर होतो. हा उरलेला एक इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची त्याची ताकद सर्व मूलद्रव्यांत जास्त. वायूत दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात, पण तो बंध कच्चा. म्हणूनच वायू इतका जहाल. खडकात मात्र कॅल्शियम आपल्या बाहेरच्या कवचातले २ इलेक्ट्रॉन दोन फ्लोरिन अणूंना देऊन टाकतो. इलेक्ट्रॉन मिळालेला, ऋण प्रभाराचा फ्लोरिन म्हणजे फ्लोराईड. भूजलात विरघळतं ते हेच.

उकळताना पाण्याची वाफ होते, प्रभारित फ्लोराईड भांड्यातच राहतं. १० लिटरचं ८ लिटर झालं, तर लिटरमागे १.६ मिलिग्रॅमचं प्रमाण २ वर जातं! भारतीय मानकाची मर्यादा १ आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

हाडांत आणि दातांत कॅल्शियम व फॉस्फेटसोबत हायड्रॉक्सिल असतं. त्याचा प्रभार फ्लोराईडइतकाच, आकारही जवळपास तेवढाच, म्हणून फ्लोराईड त्याची जागा बळकावतं. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं तर घडत असलेल्या दातांवर कायमचे डाग पडतात, पुढे कंबर आणि सांधे आखडतात. म्हणून घरातल्या लहान मुलांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी सर्वांत आधी बदला.

साध्या कँडल फिल्टरमधून फ्लोराईड आरपार जातं. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात, ॲल्युमिनियमचा गाळ फ्लोराईडला धरून तळाशी बसतो. तुरटी किती, हे पाण्याच्या तपासणीवरून ठरतं. अंदाजाने टाकू नका.

शंका : सूरजागडच्या लोहखनिजाची धूळ लाल, लोखंड मात्र करडं. असं का? (वाचक, एटापल्ली, जि. गडचिरोली)

समाधान : ते हेमाटाइट. त्यात लोखंडाचा अणू बाहेरच्या कवचातले २ आणि त्याच्या आतल्या कवचातला १ असे ३ इलेक्ट्रॉन देतो. ऑक्सिजनला २ लागतात. म्हणून लोखंडाचे २ अणू आणि ऑक्सिजनचे ३ असा हिशेब जुळतो. या मांडणीत प्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषला जातो, लाल परत येतो. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड तो ऑक्सिजन काढून नेतो आणि करडं लोखंड मोकळं होतं.