वाचक आणि श्रोता : पुण्यातील सार्वजनिक ग्रंथालय आणि मराठी साहित्यव्यवहार

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एकोणिसाव्या शतकातील मुद्रण, नियतकालिके आणि भाषांतरे यांची चर्चा विस्ताराने आढळते. सार्वजनिक ग्रंथालयाचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या वाक्यापुरता येतो. अमुक साली अमुक गावी ग्रंथालय निघाले, एवढी नोंद करून इतिहासकार पुढे जातो. या नोंदीमागे एक गृहीत असते. ग्रंथालय ही तयार झालेले ग्रंथ ठेवण्याची जागा होय. सबब साहित्याच्या घडणीशी तिचा संबंध दूरचा, असे ते गृहीत आहे. पुण्याचे उदाहरण तपासले असता ते टिकत नाही. येथे ग्रंथालय, व्याख्यान आणि ग्रंथकारांची सभा या तिन्ही गोष्टी एकाच वर्तुळातील माणसांनी, एकाच हेतूने उभ्या केल्या. त्यांतून मराठीचा वाचक जसा घडला तसा तिचा श्रोताही घडला. आणि या श्रोतृवर्गाच्या ज्या मर्यादा, त्याच दीर्घकाळ साहित्याच्याही मर्यादा ठरल्या.

पुण्याचे पहिले सार्वजनिक ग्रंथालय १८४८ मध्ये 'पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने स्थापन झाले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा त्यात पुढाकार होता. त्याच वर्षी भाऊ महाजन यांच्या 'प्रभाकरा'त त्यांची पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. ती पुढे 'शतपत्रे' म्हणून ओळखली गेली. लगेच पुढल्या वर्षी, १८४९ मध्ये, पुण्यात 'ज्ञानप्रकाश' निघाला. ग्रंथालय, लेखन आणि वृत्तपत्र यांचे हे सान्निध्य केवळ योगायोगाचे मानता येत नाही. वृत्तपत्र विकत घेणारे थोडे आणि ते वाचू किंवा ऐकू इच्छिणारे अधिक, अशा काळात ग्रंथालयाचा दिवाणखाना हे वृत्तपत्राचे स्वाभाविक ठिकाण होते. पुणे या बाबतीत पहिले नव्हते, हेही येथे नोंदवावयास हवे. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर म्हणजे आताचे अहिल्यानगर (१८३८), नाशिक (१८४०) आणि मुंबई (१८४५) येथील ग्रंथालये त्याच्या आधीची आहेत. कोल्हापूरचे १८५० चे.

या संस्थांची नावे अभ्यासकाने थोडी थांबून वाचावीत अशी आहेत. 'नेटिव्ह' या शब्दाने युरोपीय अधिकाऱ्यांच्या पुस्तकसंग्रहांपासून ही संस्था वेगळी केली. 'जनरल' या शब्दाने शाळा, धर्म वा विषय यांच्या मर्यादा नाकारल्या. म्हणजे एका शब्दाने दार बंद होते आणि दुसऱ्याने उघडते. पुढे याच संस्थेचे नाव 'पुणे नगर वाचन मंदिर' झाले. कोल्हापूरची संस्थाही 'करवीर नगर वाचन मंदिर' म्हणूनच प्रसिद्ध आहे. ठाण्यात १८९३ साली जी संस्था निघाली, तिने मात्र 'मराठी ग्रंथ संग्रहालय' हे नाव घेतले. तिच्या संस्थापकांत वि. ल. भावे होते आणि 'महाराष्ट्र सारस्वत'कारांनी संग्रह या शब्दावर भर द्यावा, हे त्यांच्या प्रकृतीला धरूनच होते. वाचन मंदिर म्हटले की क्रिया आणि तिचे पावित्र्य पुढे येते. ग्रंथसंग्रहालय म्हटले की वस्तू आणि तिचे जतन. संस्कृतात 'मंदिर' म्हणजे घर, हे खरे. तथापि मराठी कानाला त्या शब्दात उंबरठाही ऐकू येतो. देवळाचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते आणि त्यासाठी याच शहरात १९२९ मध्ये पर्वतीचा सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट 'वाचन मंदिर' या सुंदर नावाचा विचार करताना विसरता येत नाही.

ग्रंथालयाच्या स्थापनेनंतरच्या तीन दशकांत या वर्तुळाचा विस्तार व्याख्यानाच्या अंगाने झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिची धुरा वाहणाऱ्या संस्थेचे नाव 'वक्तृत्वोत्तेजक सभा' असे आहे. वक्तृत्वाला 'उत्तेजन' द्यावे लागते, म्हणजेच ते शिकावे आणि शिकवावे लागते, ही त्या नावातली जाणीव महत्त्वाची होय. त्याआधी मराठी समाजाला ऐकण्याची सवय नव्हती असे नाही. कीर्तन, पुराण, प्रवचन यांची परंपरा भक्कम होती. परंतु पुराणिकाला मध्येच थांबवून कोणी पुरावा मागत नसे. नव्या सभेत वक्ता अध्यक्षांच्या परवानगीने बोलतो, भाषण संपल्यावर श्रोत्यांना शंका विचारता येते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात त्याचा वृत्तान्त येतो. ज्या मुद्द्यावर वाद झाला तो मुद्दा ग्रंथात पाहून यावा, ही गरजही याच प्रकारच्या सभेतून निर्माण होते. व्याख्यान आणि ग्रंथालय यांचे नाते या ठिकाणी आहे; ते शोभेचे नाही.

व्याख्यानातून ग्रंथ कसा निर्माण होतो, याचे त्याच वर्षाचे उदाहरण स्वामी दयानंद सरस्वती यांचे आहे. रानडे प्रभृतींच्या आमंत्रणावरून १८७५ मध्ये ते पुण्यास आले. बुधवार पेठेतील भिडेवाड्यात त्यांची व्याख्याने झाली. ती हिंदीत दिली गेली, मराठीत टिपली गेली आणि छापली गेली. बोललेले टिपून घेणारा मराठी लेखनिक हा येथे अनुवादकही आहे आणि संपादकही. मराठी गद्याच्या घडणीत अशा अनाम लेखनिकांचा वाटा किती, याचा शोध अद्याप पुरेसा घेतला गेलेला नाही. पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाने (१९१०) हीच रीत शिस्तीत बसविली. कागदपत्रांचा संग्रह एका बाजूस, सभेत निबंध वाचणे दुसऱ्या बाजूस आणि वाचलेला निबंध छापणे तिसऱ्या बाजूस. वि. का. राजवाडे यांच्या पिढीतील कित्येक संशोधनपर लेख पहिल्यांदा ऐकले गेले आणि मग वाचले गेले.

ग्रंथकारांची पहिली सभा ११ मे १८७८ रोजी हिराबागेत भरली. तिचे आवाहन रानडे आणि लोकहितवादी यांनी 'ज्ञानप्रकाशा'तून केले होते आणि अध्यक्षस्थानी रानडे होते. आजच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे मूळ येथे मानले जाते. ज्यांनी ग्रंथालय काढले आणि ज्यांनी व्याख्यानमाला सुरू केली, त्याच दोघांनी ग्रंथकारांना बोलाविले, हे लक्षात घेतले म्हणजे संमेलनाकडे स्वतंत्र घटना म्हणून पाहता येत नाही. सभेचा महिनाही बोलका आहे. वसंत व्याख्यानमाला पुढे २१ एप्रिल ते २० मे अशी रूढ झाली. हा कोर्ट-कचेऱ्यांच्या आणि शाळा-कॉलेजांच्या सुट्टीचा काळ होय. या सर्व व्यवहारातील वक्ते आणि श्रोते बहुसंख्येने न्यायखात्यातील अधिकारी, वकील आणि शिक्षक होते. मराठी सभेचे वेळापत्रक त्यांच्या रजेवर बेतले गेले. शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या वर्षात मे महिन्याची सुट्टी नसते.

याच मर्यादेवर जोतीराव फुले यांनी बोट ठेवले. १८८५ मध्ये पुण्यात दुसरी ग्रंथकार सभा भरली, तेव्हा रानडे यांनी पाठविलेले निमंत्रण त्यांनी नाकारले. त्यांचे उत्तर 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. ज्यांचे ग्रंथ आणि ज्यांच्या सभा सर्व माणसांचे हक्क मोकळेपणाने मान्य करीत नाहीत, त्यांच्याशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. या पत्राची चर्चा सामान्यतः विद्रोही साहित्याचा आरंभ म्हणून केली जाते, आणि ती योग्यच आहे. येथे त्याचा दुसरा पैलू पाहावयाचा आहे. फुले यांचा आक्षेप ग्रंथांइतकाच सभेवर आहे. कोण बोलणार, कोणासमोर बोलणार आणि ऐकणाऱ्याचे दुःख त्या बोलण्यात येणार की नाही, हे त्यांचे प्रश्न आहेत. आज नगर वाचन मंदिर ज्या बुधवार पेठेत आहे, तिथल्याच भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा सुरू केली होती. ग्रंथालय आणि ही शाळा यांचे साल एक आहे. दोन्हींचा हेतू ज्ञानप्रसाराचा. परंतु एका संस्थेत वाचता येणाऱ्यांना ग्रंथ मिळत होते, तर दुसरीत ज्यांना वाचूच दिले नव्हते त्यांना अक्षर मिळत होते. वाङ्मयाच्या इतिहासात पहिली संस्था आणि समाजसुधारणेच्या इतिहासात दुसरी, अशी वाटणी करून अभ्यासकांनी आपली सोय करून घेतली आहे.

स्त्रियांच्या बाबतीत सभेचा उंबरठा किती उंच होता, हे रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथावरून कळते. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजी भाषण वाचून दाखविले, आणि त्याची किंमत घरात वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी खाऊन चुकती केली. वाचणे एकवेळ माजघरात खपत होते. सभेत जाऊन बसणे, त्याहून बोलणे, खपत नव्हते. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला तो या पार्श्वभूमीवर. स्त्रियांची स्वतंत्र सभा ही केवळ सोय नव्हती. पुरुषांच्या सभेत जागा नसल्याचे ते उत्तर होते.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या संदर्भात हा विचार सर्वांत स्पष्टपणे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या (१९२४) उद्दिष्टांत दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने निघालेल्या या संस्थेने ग्रंथालये, अभ्यासवर्ग आणि सामाजिक केंद्रे यांचा उल्लेख एकाच ओळीने केला आहे. ग्रंथ, त्यावरील चर्चा आणि एकत्र बसण्याची जागा या तीन वेगळ्या गोष्टी नव्हेत, ही समज तेथे संस्थेच्या पायातच आहे. पुण्यातील उच्चवर्णीय मंडळींना हीच गोष्ट घडवावयास लायब्ररी, व्याख्यानमाला, ग्रंथकार सभा अशा तीन संस्था आणि तीस वर्षे लागली होती.

विसाव्या शतकात या तीन धारा एकमेकींपासून सुट्या होत गेल्या. १९०६ च्या संमेलनात, मळेकर वाड्यात, महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली आणि ग्रंथकारांना स्वतःची संस्था मिळाली. व्याख्यानमाला पुढे टिळक स्मारक मंदिरात स्थिरावली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला, अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. या आधारामुळे खेडोपाडी ग्रंथालये तगली, हे नि:संशय. मात्र ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासदसंख्या यांचा हिशेब ठेवणे जितके सोपे, तितका एखाद्या सायंकाळी रंगलेल्या चर्चेचा हिशेब ठेवणे सोपे नाही. अनुदानाच्या तक्त्यात पहिल्यालाच महत्त्व आले. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने परशुराम सायखेडकर नाट्यगृह स्वतःच्या छत्राखाली ठेवून ग्रंथ आणि रंगभूमी यांची जी जोड टिकविली, ती या दृष्टीने अपवादात्मक म्हणावी लागेल.

पुण्यात अलीकडे कार्यक्रमांची उणीव नाही. १५ ऑक्टोबर हा २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचे समारंभ होतात, डिसेंबर २०२३ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव सुरू झाला. दिवाळी अंकांची ग्रंथालयीन योजना तर कित्येक कुटुंबांचा वर्षातला एकमेव ग्रंथालयसंबंध आहे, आणि तिची थट्टा करणाऱ्या अभ्यासकांनी 'मनोरंजन'च्या १९०९ च्या दिवाळी अंकापासूनचा मराठी कथेचा प्रवास आठवावा. प्रश्न कार्यक्रमांच्या संख्येचा नाही. व्याख्यानाला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी कपाटापाशी जातो की नाही, हा आहे. प्रकाशन समारंभात सत्कार, हारतुरे आणि मनोगते यांत दोन तास जातात आणि पुस्तकावर कोणी बोलतच नाही, तेव्हा जागा ग्रंथालयाची असली तरी कार्यक्रम मंगल कार्यालयाचा असतो.

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. जुन्या ग्रंथालयांतून वार्षिक अहवाल, कार्यकारी मंडळाची इतिवृत्ते, सभासदांच्या नोंदवह्या, व्याख्यानांची हस्तपत्रके जमा होत असतात. वाळवी, ओल आणि जागेची टंचाई यांमुळे ती सर्वांत आधी रद्दीत जातात, कारण त्यांना ग्रंथ म्हणून दाखलअंक नसतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांसाठी एखाद्या लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण हा विषय वर्षानुवर्षे पुरला आहे. त्याऐवजी एका ग्रंथालयातील वीस वर्षांच्या व्याख्यानांचे विषय आणि त्याच वीस वर्षांची देवघेव-नोंदवही शेजारी शेजारी ठेवून वाचता येईल : ज्ञानेश्वरीवरील व्याख्यानानंतर ज्ञानेश्वरीची किती प्रत घरी गेली, दलित आत्मकथनांवरील परिसंवादानंतर ती आत्मकथने कोणत्या आडनावांच्या सभासदांनी नेली, आणि ज्या आठवड्यात सभागृह भाड्याने गेले होते त्या आठवड्यात देवघेवीच्या खिडकीवर किती जण आले.