नारळ फोडायच्या आधी

भाचेबुवा आणि सूनबाई, शनिवारी गाडीचा ताबा, रविवारी कोथरूडच्या मृत्युंजयेश्वरासमोर पूजा आणि सोमवारी पहाटे थेट लडाखकडे कूच, असा तुमचा बेत ताईकडून कळला. नोकरी लॅपटॉपवर आणि घर चाकांवर, ही कल्पना मला पसंत आहे. बेताचा क्रम तेवढा बदला. पूजा सगळ्यात शेवटी करा. एकदा नारळ फुटला, बॉनेटवर स्वस्तिक निघालं, पेढे वाटून झाले, की माणसाला गाडीतले दोष दिसेनासे होतात आणि दिसले तरी बोलून दाखवायला जीभ उचलत नाही. माझी उभी नोकरी गाड्या तपासण्यात गेली, म्हणून सांगतो. शेवटचा हप्ताही गाडीत एक रात्र झोपून काढल्याशिवाय देऊ नका.

आधी कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आपल्या मर्जीने गाडीची रचना बदलू देत नाही. व्हॅनमध्ये पलंग, ओटा आणि गॅस बसवला की झाली कॅराव्हॅन, असं नसतं. आपण सकाळी फिरायला जातो त्या टेकडीवरची एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था गाड्यांच्या चाचण्या घेते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बॉडी बांधणाऱ्याकडे त्याची मंजुरी आहे का, ते कागद हातात घेऊन बघा. आरसीवर गाडीचा वर्ग खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असाच लागलेला हवा. विमा पॉलिसीतही तोच वर्ग हवा आणि आतल्या फर्निचर-बॅटऱ्यांची किंमत धरलेली हवी. साध्या व्हॅनचा विमा काढून मोकळं होऊ नका.

मग पाणी. ताबा घ्यायला दिवसाउजेडी जा, हाताशी तीन-चार तास ठेवा. नळाचा पाइप लावून टपावर अर्धा तास पाणी सोडायला सांगा. बॉडीवाले कां-कूं करतील, तुम्ही खुर्ची टाकून बसा. पाणी बंद झालं की टपावरचा पंखा, खिडक्यांच्या चौकटी, सोलर पॅनेलचे बोल्ट यांच्या बरोबर खाली आतून हात फिरवा. गाद्या उचलून प्लायला बोट लावा. प्लाय गार लागला की समजा, सीलंटमध्ये कुठेतरी फट आहे. थेंब दिसायची वाट बघू नका. थेंब दिसेपर्यंत आतलं लाकूड फुगलेलं असतं, आणि तुमचा पहिला पावसाळा ताम्हिणी घाटात जाणार आहे.

त्यानंतर मोकळ्या मैदानात गाडी ताशी तीस-चाळीसवर नेऊन करकचून ब्रेक मारा. किती ड्रॉवर उघडले, कुठली कडी सुटली, फ्रीजचं दार हललं का, सगळं सूनबाईंनी वहीत लिहायचं. टायरच्या कडेवर DOT लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. बॉडी बांधायला गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी असते, तेव्हा हे आकडे वाचाच.

खरा घोटाळा वजनात होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे शंभर लिटरची टाकी भरली की दीड माणूस जास्तीचा बसला. त्यात बॅटऱ्या, ग्रॅनाइटचा ओटा (तो हट्ट सोडा, प्लायवर सनमायका चालतो), पुस्तकं, आणि ताईने दिलेलं लोणचं. निघायच्या आधी टाक्या भरून, सामान लावून, दोघं आत बसून वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. एकूण वजन आरसीवरच्या मर्यादेत आणि मागचा एक्सल मात्र ओव्हरलोड, असं सर्रास निघतं, कारण स्वयंपाकघर, टाकी, बॅटरी सगळं मागेच बसवलेलं असतं. सामान लावायची पद्धत आषाढीला दिंडीच्या ट्रकपाशी उभं राहून शिका. मुक्कामी जे आधी लागतं ते शेवटी चढतं, जड भांडी खाली मध्यभागी आणि राहुट्या वर. अडीच-तीन आठवडे शे-दोनशे माणसांचा संसार रोज उतरवून रोज चढवणाऱ्यांपेक्षा याबाबतीत जाणकार कोणी नाही.

विजेचा हिशोब सूनबाईंना येतोच, तरी सांगतो. बारा व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. दोन हजार वॉटची इंडक्शन पूर्ण ताकदीवर तासभर चालवली की त्यातली दोन गेली. टपावरची ४०० वॉटची पॅनेल्स एप्रिलच्या कडक उन्हात दीड-दोन युनिट देतील, श्रावणात कोकणात जवळपास काहीच नाही. म्हणून स्वयंपाक गॅसवर आणि एसी बाहेरची वीज मिळाली तरच. ढाब्यावर किंवा लॉजवर प्लग लावायच्या आधी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावून अर्थिंग बघायचं. तपकीर गल्लीत तो स्वस्तात मिळतो. तिथूनच अडीच एमएमची तीन कोअर वायर पंचवीस मीटर आणा आणि वापरताना वेटोळं पूर्ण सोडा. गुंडाळलेल्या वायरवर जड लोड टाकला की ती आतून तापते, इन्सुलेशन वितळतं. जादा फ्यूज, बेल्ट, होजच्या क्लिपा नाना पेठेतून घ्या. पाण्याचा छोटा पंपही एक जास्तीचा ठेवा, तो नेमका आडगावी बंद पडतो.

गॅसला घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर उचलून नेऊ नका. ५ किलोचा, बाजारात ‘छोटू’ म्हणतात तो, ओळखपत्रावर मिळतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी आणि ती पायपुसण्याने झाकायची नाही. गळती साबणाच्या फेसाने बघायची. गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद, हे बोलून दाखवायचं. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने बघायचं.

संडासाबद्दल तुम्ही दोघं लाजता, म्हणून मीच बोलतो. कॅसेट टॉयलेटची टाकी वीसेक लिटरची असते, दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती रिकामी करायची ती फक्त संडासातच. पेट्रोल पंपावर किंवा भक्तनिवासात आधी विचारा, नंतर स्वतः धुऊन द्या. ओढ्यात, शेतात, रस्त्याच्या कडेला रिकामी केल्याचं कळलं तर मामा म्हणून हाक मारू नका.

आता लडाख. ते पुढच्या वर्षी. आधी चार रात्री आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये झोपा, वर जिना चढून घरातलं काहीही आणायचं नाही. चेअरमनशी मी बोलतो. मग चांदणी चौकातून पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून माणगाव आणि पुढे हरिहरेश्वर. एमटीडीसीचं निवासस्थान तिथे आहे. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ साली आलं, त्यामुळे गाडी आत लावण्याबद्दल फोनवर विचारायला संकोच नको. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. गाडीची उंची एसीसकट टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. कोकणातल्या वाडीत फणसाची फांदी आणि विजेची तार तुमची पुस्तिका वाचत नाहीत. मुक्कामाची जागा पाचच्या आत ठरवा, गावात विचारून गाडी लावा, तोंड रस्त्याकडे ठेवा.

आणि गाडी सूनबाईंनाही चालवता आली पाहिजे, घाटातसुद्धा. उद्या भाचेबुवांना ताप भरला तर कोण चालवणार?

थंड प्रदेशात जाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या. लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली तर कायमची खराब होते. गाडीत युरियाच्या द्रावणाची टाकी असेल तर ते उणे ११ अंशांना गोठतं. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, वरण कुकरशिवाय शिजायचं नाही.

राहिला फ्लॅट. तो वर्षभर बंद ठेवू नका, भाड्याने द्या. करार नोंदवून घ्या, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्या. बँक, विमा, मतदारयादी सगळीकडे पत्ता कोथरूडचाच राहू दे. मिळकतकर मेअखेर भरला की सवलत मिळते, ते मी बघतो. पत्रपेटीची किल्ली आणि वजनकाट्याची पावती निघायच्या आधी मला आणून द्या.