परिच्छेद : एका खोलीत एकच विषय!

मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगवाले. आकृती काढा म्हटलं की काढतो, डेरिव्हेशन मागितलं तर रात्रभर घोकून लिहितो. पण ‘निबंध लिहा’ म्हटलं की आपला पेन अडतो. आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही! पानभर मजकूर, श्वास घ्यायलाही जागा नाही. मीही त्यातलाच.

सेकंड इयरला असताना निबंध स्पर्धेत मी ‘धरणे : शाप की वरदान?’ हा विषय घेतला होता. नंबर आला नाही, म्हणून परीक्षक सरांकडे निबंध मागायला गेलो. त्यांनी कागद समोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, “तुझ्या आजीचं घर पुरात गेलं, आणि ते वाक्य सिमेंटच्या शेजारी?”

तो परिच्छेद असा होता :

“भारतात अनेक धरणे आहेत. धरणांमुळे शेतीला पाणी मिळते. तसेच वीजही तयार होते. १९६१ साली पानशेत धरण फुटले. ते मातीचे होते. त्यात पुण्याचे फार नुकसान झाले. माझ्या आजीचे घरही गेले. सिमेंटचा दर्जा महत्त्वाचा असतो. तसेच पर्यावरणाचाही विचार झाला पाहिजे.”

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, शुद्धलेखनही ठीक आहे. तरी वाचून हाती काहीच लागत नाही. सर म्हणाले, “नऊ वाक्यांत पाच विषय आहेत. हॉस्टेलच्या एका खोलीत पाच जण कोंबले तर अभ्यास कुणाचा होईल?” हा हिशेब मात्र मला लगेच पटला.

त्यांच्यासमोर बसून तो परिच्छेद मी चार वेळा लिहिला. शेवटी झाला तो असा :

“धरण फुटते तेव्हा नुकसान पाण्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर संपत नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्यात आले आणि त्या जुन्या धरणालाही पेलले नाही. मग दोन्ही धरणांचे पाणी मुठेतून पुण्यात शिरले आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. नारायण पेठेतले माझ्या आजीचे घर त्यातच गेले. पण पुण्याला पिण्याचे पाणी खडकवासल्यातूनच येत होते. त्यामुळे पूर ओसरल्यावर, चिखलात उभ्या असलेल्या त्याच शहराला पाण्यासाठी वणवण करावी लागली. आजी आजही पुराची आठवण सांगताना आधी पाण्याच्या रांगेचीच सांगते.”

आता यात काय बदललं ते पाहू.

१) एक परिच्छेद, एक म्हणणं

परिच्छेद लिहून झाला की समासात त्याचा सारांश पाच-सहा शब्दांत लिहा. इथे तो ‘पूर ओसरल्यावरही नुकसान चालूच’ असा आहे. पहिल्या परिच्छेदाचा सारांश लिहायला गेलो तर ‘फायदे आणि पानशेत आणि सिमेंट आणि पर्यावरण’ असं होतं. ‘आणि’ लागला की समजा, खोलीत जास्तीचा माणूस आहे. त्याला हाकलायचं नाही, दुसरी खोली द्यायची. ‘धरण मातीचे होते’ हे वाक्य मी फेकलं नाही. धरण का फुटलं, या पुढच्या परिच्छेदात ते गेलं.

२) पहिलं वाक्य : नुसती माहिती नको, विधान हवं

‘१९६१ साली पानशेत धरण फुटले’ ही माहिती झाली. वाचक ‘बरं’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. ‘नुकसान पहिल्या लोंढ्याबरोबर संपत नाही’ हे विधान आहे. त्यावर वाचक लगेच विचारतो, ‘ते कसं काय?’ पुढची सगळी वाक्यं याच प्रश्नाचं उत्तर देतात. जे वाक्य उत्तर देत नाही, त्याचं तिथे काम नाही.

३) सांधे

माझ्या मूळ निबंधात सरांनी ‘तसेच’ला अकरा ठिकाणी गोल केला होता. ‘तसेच’ हा आळशी शब्द आहे. तो दोन वाक्यं शेजारी ठेवतो, जोडत नाही. ‘पण’ आला की वाट वळते, ‘त्यामुळे’ आला की कारणातून परिणाम निघतो, ‘मग’ने क्रम कळतो. ‘ते पाणी’, ‘त्याच शहराला’ असे शब्दही मागच्या वाक्याचा हात धरतात. मात्र नुसतं ‘हे’ किंवा ‘ते’ वापरताना सांभाळा. ‘ते’ म्हणजे धरण की पाणी, असं वाचकाला मागे जाऊन शोधायला लावू नका.

मराठीत ‘च’ हे छोटं पण जबरदस्त हत्यार आहे. ‘खडकवासल्यातून येत होते’ आणि ‘खडकवासल्यातूनच येत होते’ यात किती फरक आहे बघा! सगळा परिच्छेद त्या एका अक्षरावर फिरतो. पण म्हणून प्रत्येक वाक्यात ‘च’ घातलात, तर त्याची धार जाते.

४) शेवट

‘म्हणून धरणे बांधताना काळजी घेतली पाहिजे’ असा उपदेश आपल्या हातून आपोआप येतो. तो टाळा. पहिलं वाक्यच फिरवून परत लिहू नका. सगळ्यात नेमकी, सगळ्यात आपली गोष्ट शेवटी ठेवा. मी तिथे आजीची रांग ठेवली.

लांबीचं काय? ठरलेला नियम नाही. पण आठ-दहा वाक्यांपुढे गेलात तर समासातला सारांश पुन्हा तपासा. आपल्यातले बरेच जण पुढे स्पर्धा परीक्षा देणार आहेत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो आणि तो मराठीतूनही लिहिता येतो. तिथे माहिती सगळ्यांकडेच असते, प्रश्न ती मांडण्याचा असतो. आणि हेच सेमिनार रिपोर्टलाही लागू आहे, बरं का!

सुट्टीत घरी गेल्यावर तो परिच्छेद आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “रांग लिहिलीस ते बरं केलंस. पण ती किती लांब होती, ते नाही लिहिलंस.” म्हणजे पाचव्यांदा लिहिणं आलंच!

तेव्हा मित्रांनो, आज रात्री मेसमधून आल्यावर आपला एखादा जुना निबंध काढा आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी पाच शब्द लिहून बघा. उद्या सबमिशन असेल तर परवा करा. पण करा नक्की!