कंदमुळांची काढणी

शाळेच्या बागेत बटाट्याचा वाफा तयार झाला, की काढणीचा दिवस मुलांना सणासारखा वाटतो. तीन महिने पाणी दिलेले, तण काढलेले, वरंब्यांना मातीची भर दिलेली. आता त्या श्रमाचे फळ डोळ्यांना दिसावयाचे असते. कुदळी चालू लागतात आणि तासाभरात टोपल्या भरतात. ज्या बटाट्याचे कुदळीने दोन तुकडे झाले, तो बाजूला काढला जातो. परंतु ज्याची केवळ साल खरचटली आहे, किंवा जो उंचावरून टोपलीत आदळला आहे, तो इतरांबरोबर पोत्यात जातो. दोनतीन आठवड्यांनी पोत्यातून घाण वास येऊ लागतो व तळातील बटाटे पाणी सुटून लिबलिबीत झालेले आढळतात. मग दोष कधी हवेला, कधी बियाण्याला, तर कधी रोगाला दिला जातो. खरे पाहता नाशाचा आरंभ पुष्कळदा काढणीच्या त्या एका तासातच झालेला असतो.

हा नाश टाळण्यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत. जमिनीतून काढलेले कंदमूळ निर्जीव नसून सजीव असते, त्याला जखम होते व अनुकूल परिस्थितीत ती जखम भरूनही येते, एवढी गोष्ट ध्यानात घेऊन हात चालविला पाहिजे.

मूळ कोणते आणि खोड कोणते?

जमिनीखाली वाढणाऱ्या सर्व भाज्यांना आपण व्यवहारात कंदमुळे म्हणतो. शास्त्रीय दृष्ट्या त्यांत भेद आहेत. गाजर व मुळा ही प्रामुख्याने सरळ खाली जाणारी सोटमुळे होत. रताळे हेही मूळच आहे. मात्र ते वेलाच्या बुडाशी बाजूला पसरलेल्या मुळांचे फुगून तयार होते. बटाटा मूळ नव्हे. तो जमिनीखालील खोडाचा फुगलेला शेंडा असून त्याचे ‘डोळे’ म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा होत. सुरण, अळकुडी, आले व हळद यांचीही गणना खोडांतच होते.

हा भेद काढणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. गाजर कोठे आहे हे त्याच्या पाल्यावरून नेमके कळते, कारण ते पाल्याच्या थेट खाली असते. बटाटे व रताळी मात्र झाडाच्या भोवती कोठेही असू शकतात. म्हणून गाजराभोवतीची माती सैल करणे पुरते, तर बटाट्यासाठी हत्यार झाडाच्या बुडापासून बरेच दूर रोवून आत वळवावे लागते.

साल हे संरक्षक कवच

बटाट्याच्या वजनाचा सुमारे 80 टक्के भाग पाणी असते. गाजरात पाण्याचे प्रमाण याहूनही अधिक आहे. हे पाणी आत राखण्याचे व मातीतील बुरशी आणि जिवाणू बाहेर ठेवण्याचे काम साल करते. बटाट्याची साल बुचासारख्या पेशींच्या अनेक थरांची बनलेली असते. या पेशींच्या भित्तिकांत सुबेरीन नावाचे मेणासारखे द्रव्य साठते व त्यातून पाणी सहजासहजी जात नाही. अपक्व बटाट्याची साल कोवळी असते व अंगठ्याने घासताच निघून येते. पक्व बटाट्याची साल खालच्या गराला घट्ट चिकटलेली असते.

साल निघाली, की पाणी वेगाने उडू लागते व बटाटा सुरकुततो. त्याच वाटेने जिवाणू आत शिरतात, पेशींना परस्परांशी जोडणारे द्रव्य विरघळवतात आणि गराचा चिखल करून टाकतात. एका सडलेल्या बटाट्यातून झिरपणारे पाणी शेजारच्या चांगल्या बटाट्यांनाही बाधते.

काही जखमा वरून दिसतही नाहीत. बटाटा कठीण जागी आदळला, की साल शाबूत राहूनही आतील पेशी फुटतात. त्यांतील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो व एकदोन दिवसांत तेथे करडा किंवा काळसर डाग पडतो. तो डाग दिसतो, तो बटाटा चिरताना.

काढणीपूर्वीची तयारी

काढणीची खरी सुरुवात कुदळ उचलण्यापूर्वी होते. उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात बटाट्याची लागवड बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास होते व पीक जानेवारी ते मार्च या काळात निघते. तेथील अनुभवी शेतकरी काढणीपूर्वी सुमारे दहा दिवस पाणी तोडतात, झाडांचा पाला जमिनीलगत कापतात आणि कंद दहा ते पंधरा दिवस जमिनीतच राहू देतात. या मुदतीत साल पक्की होते. ती तशी झाली की नाही, हे दोनचार बटाटे उकरून अंगठ्याने घासून पाहावे. साल सरकली, तर आणखी काही दिवस थांबावे.

दुसरी गोष्ट जमिनीच्या ओलाव्याची. ओली माती कंदाला चिकटून राहते व ती खरडताना साल दुखावते. अगदी कोरड्या जमिनीची ढेकळे दगडासारखी टणक होतात व कंदावर ओरखडे काढतात. माती हातात दाबली असता गोळा व्हावा आणि बोटाने ढकलताच तो फुटावा, अशा वाफशावर काढणी करणे उत्तम. महाराष्ट्रात पुणे व सातारा जिल्ह्यांच्या काही भागांत बटाट्याचे पीक खरीपातही घेतात. तेथे पावसाची उघडीप व वाफसा यांची वाट पाहण्याचे महत्त्व अधिकच आहे.

प्रत्यक्ष काढणी

गाजर किंवा मुळा केवळ पाला धरून हिसकू नये. तसे केल्याने पाला हातात येतो व मूळ जमिनीत राहते, अथवा मध्येच मोडते. प्रथम ओळीच्या बाजूला, मुळापासून चारसहा बोटे अंतर राखून, हत्यार सरळ खाली रोवावे व माती उचलून सैल करावी. नंतर पाल्याच्या बुडाशी धरून मूळ सरळ वर ओढावे. ते अलगद निघते.

बटाटे व रताळी यांच्यासाठी कुदळीपेक्षा बोथट दातांचे हत्यार बरे, कारण कुदळीचे पाते वाटेत येईल ते कापत जाते. हत्यार वरंब्याच्या पायथ्याशी रोवून संपूर्ण वरंबाच उचलून उलथावा व कंद हातांनी वेचावेत. रताळ्याची साल फार पातळ असते. ते वेलापासून ओढून न तोडता कापून वेगळे करावे.

सुरणाचा पाला पिवळा पडून वाळला, की कंद तयार झाला असे समजतात. तो कित्येक किलोग्रॅम वजनाचा असू शकतो. त्यामुळे भोवताली गोल चर खणून त्याला खालून उचलावे, वरून घाव घालू नयेत.

काढलेला माल टोपलीत फेकू नये, ठेवावा. टोपलीच्या तळाशी गवत किंवा जुने पोते अंथरावे. गाजर, मुळा व बीट यांचा पाला लगेच वेगळा करावा. तो तसाच राहिला, तर पाने मुळातील पाणी ओढून हवेत सोडीत राहतात व मूळ मऊ पडते. बीटाचा पाला मात्र दोनतीन सेंटिमीटर देठ ठेवून पिरगाळावा, नाहीतर शिजविताना त्याचा लाल रस वाहून जातो.

जखम कशी भरते?

कितीही जपले, तरी काही कंद दुखावणारच. अशा वेळी निसर्गाचे साहाय्य घेता येते. बटाट्याला जखम झाली, की तिच्यालगतच्या पेशींत सुबेरीन साठू लागते व पुढे त्यांच्या खाली बुचासारख्या पेशींचा नवा थर तयार होतो. या कामाला मध्यम उष्णता, दमट हवा, प्राणवायू व अवधी लागतो. 15 ते 20 अंश सेल्सिअस तापमानात एकदोन आठवड्यांत जखम चांगली भरते. फार थंडीत हे काम मंदावते. कडक उन्हात तर जखमेवरील पेशी नवी साल तयार होण्यापूर्वीच वाळून मरतात. म्हणून बटाटे उन्हात पसरून ‘वाळविण्याची’ पद्धत हितकारक नाही. त्यांचा सावलीत ढीग घालून वर पेंढा पसरावा व दहा ते पंधरा दिवसांनी निवड करून ते साठवावेत.

रताळ्याला याहून अधिक उष्णता मानवते. सुमारे 30 अंश सेल्सिअस व दमट हवा मिळाल्यास त्याच्या जखमा चार ते सात दिवसांत भरू लागतात.

बटाटे उजेडात ठेवू नयेत. उजेडाने साल हिरवी होते. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा असून स्वतः निरुपद्रवी आहे. परंतु त्याच्याबरोबर सोलानीन नावाचे कडू व विषारी द्रव्यही वाढते. हिरवा झालेला बटाटा खाऊ नये. तसेच साठवणीपूर्वी बटाटे धुऊ नयेत. सालीवर राहिलेले पाणी जिवाणूंना आमंत्रणच देते.

टॅपिओकाचा धडा

सर्वच कंदमुळे बटाट्याइतकी सोशिक नसतात. केरळात व तमिळनाडूत टॅपिओकाची मोठी लागवड होते. महाराष्ट्रातील उपवासाच्या ताटात येणारा साबुदाणा याच मुळांपासून, विशेषतः तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात, तयार होतो. टॅपिओकाचे मूळ जमिनीत महिनोन् महिने चांगले राहते. पण उपटल्यावर दोनतीन दिवसांतच त्यात निळसर काळ्या रेघा उमटू लागतात. या रेघांचा आरंभ बहुधा तुटलेल्या व खरचटलेल्या जागांपासून होतो. म्हणून शेतकरी लागेल तेवढेच मूळ काढतात व बाकीचे जमिनीतच ठेवतात. टॅपिओकासारख्या कंदपिकांच्या अभ्यासासाठी 1963 साली केरळात तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था स्थापन झाली.

करून पाहण्यासारखे प्रयोग

1. सारख्या आकाराचे तीन बटाटे घ्यावेत. एक अखंड ठेवावा, दुसऱ्याची थोडी साल खरवडावी, तिसरा सोलून काढावा. तिन्ही सावलीत ठेवून दहा दिवस रोज त्यांचे वजन करावे व आलेख काढावा. सालीचे कार्य आकड्यांतच दिसून येईल.

2. दोन ताजी गाजरे घ्यावीत. एकाचा पाला काढावा, दुसऱ्याचा ठेवावा. तिसऱ्या दिवशी दोन्ही हलकेच वाकवून पाहावीत.

3. एक बटाटा दोन ठिकाणी चिरून एक तुकडा ओलसर फडक्याखाली सावलीत व दुसरा भर उन्हात ठेवावा. आठवड्याने दोहोंच्या चिरलेल्या बाजू तपासून फरक लिहून ठेवावा.

निवड व साठवण

काढणीच्या दिवशीच मालाचे तीन वाटे करावेत. कापलेले कंद त्याच दिवशी स्वयंपाकघरात जावेत. खरचटलेले काही दिवसांत संपवावेत. अखंड व पक्व सालीचे तेवढेच साठवणीसाठी ठेवावेत. पुढील हंगामाचे बियाणेही त्यांतूनच, निरोगी पाहून, निवडावे.

ज्या घरात पुढच्या पिकापर्यंत याच पोत्यावर दिवस काढावयाचे असतात, त्या घरात सडलेल्या एका पोत्याचा अर्थ कित्येक दिवसांचे अन्न व उद्याचे बियाणे असा असतो. पिकविण्यास तीन महिने लागतात. काढताना अर्धा तास अधिक गेला, तर तो वाया गेला असे मानू नये.