नारळाच्या रसातील कोळंबी व कोंबडी : घरगुती पाकक्रियेचा एक पाठ

ग्वाल्हेर शहरातील हरिशंकरपुरम ही निवासी वसाहत समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी कोकणी पद्धतीची कोळंबी रांधावयाची झाल्यास दोन प्रश्न उभे राहतात. ताजी कोळंबी मिळेल काय, आणि मिळालेली कोळंबी खरोखर खाण्यास योग्य आहे हे कसे ओळखावे? उन्हाळ्यात या शहराचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या घरात जाते. तेव्हा हा प्रश्न केवळ रुचीचा न राहता आरोग्याचा होतो. प्रस्तुत पाठात या पदार्थाची साधने, कृती आणि प्रत्येक पायरीमागील कारण यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

ग्वाल्हेर आणि मराठी भाषिक यांचा संबंध शिंदे घराण्यापासूनचा आहे. या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ आपली छावणी स्थिर केली व तीच पुढे लष्कर या नावाने शहर बनली. सैनिक, कारकून, शास्त्री, कलावंत अशी अनेक मराठी कुटुंबे तेथे वसली.

शिंद्यांप्रमाणे देशावरून आलेल्या कुटुंबांची पाकपरंपरा मुख्यतः सुक्या खोबऱ्याची. खोबरे विस्तवावर भाजावे, कांदा व मसाल्यासह वाटावे आणि त्या वाटणाचा रस्सा करावा, ही देशावरची रीत. कोकणात व गोव्यात मात्र ओल्या नारळाचा रस हाच आमटीचा पाया असतो. सुके खोबरे महिनोन्महिने टिकते, म्हणून ते घाटावर आणि त्याही पलीकडे प्रवास करू शकले. ओल्या नारळाचा रस काही तासांतच नासतो. दोन प्रदेशांच्या चवींमध्ये जो भेद दिसतो, त्याचे एक कारण या टिकाऊपणात आहे.

नारळाची निवड

नारळ हातात घेऊन हलवावा. आत पाणी भरपूर खळखळत असेल व नारळ वजनाला जड लागत असेल तर तो चांगला समजावा. डोळ्यांपाशी ओल, बुरशी किंवा तडा असल्यास तो घेऊ नये. पूजेसाठी आणलेला नारळ पुष्कळ दिवस घरात राहिलेला असतो. फोडल्यावर त्याचे पाणी आंबूस अथवा खवट लागल्यास त्याचा रस काढू नये. बुरशी आलेला भाग कापून उरलेला वापरणे, ही काटकसर धोक्याची आहे.

रस काढण्याची कृती

एका मोठ्या नारळाचा खव काढून त्यात एक वाटी कोमट पाणी घालावे व खव बारीक वाटावा. स्वच्छ फडक्यातून पिळून निघणारा रस जाड असतो. तो वेगळा ठेवावा. त्याच चोथ्यात पुन्हा दीड वाटी कोमट पाणी घालून वाटावे व पिळावे. हा दुसरा, पातळ रस होय. पातळ रस शिजविण्यासाठी आणि जाड रस शेवटी घालण्यासाठी, असा क्रम ठेवावा.

या क्रमाला शास्त्रीय कारण आहे. नारळाच्या रसात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात व प्रथिनांच्या पातळ आवरणामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. रस बराच वेळ जोराने उकळला किंवा त्यात आंबट पदार्थ पडला, म्हणजे ही प्रथिने गोठतात, आवरण मोडते, तेल वर येते आणि रस फुटतो. फुटलेला रस अपायकारक नसतो, पण आमटीचा मऊपणा जातो. म्हणून जाड रस घातल्यावर आच मंद ठेवावी, सतत ढवळावे आणि आमसूल सर्वांत शेवटी टाकावे.

कोळंबीची पारख

ताज्या कोळंबीला समुद्राच्या पाण्यासारखा सौम्य वास असतो. अमोनियासारखा उग्र वास येत असल्यास ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कवच चकचकीत व अंगाला घट्ट बसलेले असावे, मांस दाबल्यावर पुन्हा वर यावे. डोके सैल होऊन लोंबत असणे हे शिळेपणाचे चिन्ह आहे. कवचावरील काळे डाग मात्र नेहमीच कुजल्यामुळे येत नाहीत. कोळंबीच्या अंगातील एका विकराची हवेतील प्राणवायूशी क्रिया होऊनही ते पडतात. तेव्हा केवळ डागावरून निर्णय न करता वास व मांसाचा घट्टपणा पाहावा.

समुद्रापासून दूरच्या शहरात गोठविलेली कोळंबी हा व्यवहार्य मार्ग आहे. ती शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा घट्ट बंद पिशवीत ठेवून थंड पाण्यात वितळवावी. ओट्यावर किंवा उन्हात ठेवू नये. एकदा वितळलेली कोळंबी पुन्हा गोठवू नये. गोठविताना वरून बर्फाचा थर दिलेला असतो, म्हणून स्वयंपाकाचे प्रमाण वितळल्यानंतरच्या वजनावर धरावे.

सोडे म्हणजे सोलून वाळविलेली कोळंबी. हा आणखी एक जुना मार्ग. वाळविल्यामुळे त्यातील पाणी कमी होते व जंतूंची वाढ खुंटते. सोडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, धुऊन वापरावेत. ते खारट असल्यास मीठ बेताने घालावे.

कोळंबीची आमटी : चौघांसाठी

साहित्य : सोललेली कोळंबी ४०० ग्रॅम, नारळ १, कांदे २, लसूण ८ पाकळ्या, आले १ पेर, धणे २ चमचे, लाल तिखट २ चमचे, हळद अर्धा चमचा, आमसुले ४, तेल २ मोठे चमचे, कोथिंबीर व मीठ.

कृती : कोळंबीच्या पाठीला चीर देऊन काळा धागा काढावा. धुऊन हळद व मीठ लावून पंधरा मिनिटे थंड जागी ठेवावी. डोकी व कवचे ताजी असतील तर ती फेकून न देता दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटे उकळावीत आणि ते पाणी गाळून घ्यावे. त्याने आमटीला विनाखर्च चव येते. लसूण, आले व धणे एकत्र वाटावेत. तेलात बारीक चिरलेला कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा, त्यात वाटण व तिखट घालून वास सुटेपर्यंत परतावे. मग पातळ रस व कवचांचे थोडे पाणी घालून उकळी आणावी आणि कोळंबी सोडावी.

मध्यम आकाराच्या कोळंबीला चार ते पाच मिनिटे पुरेशी होतात. कच्च्या कोळंबीतील तांबूस रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेले असल्यामुळे ती राखट दिसते. उष्णतेने ते प्रथिन उकलते व रंग मोकळा होतो. रंग गुलाबी झाला व मांस मध्यापर्यंत पांढरे, अपारदर्शक दिसू लागले, म्हणजे ती शिजली. यापुढे शिजविल्यास ती चिवट होते. आता आच मंद करून जाड रस घालावा, वाफ येताच आमसुले टाकावीत आणि भांडे उतरवून कोथिंबीर घालावी.

कोंबडीचा रस्सा

कोळंबी न मिळाल्यास हाच पाया कोंबडीला चालतो. वेळ व काळजी मात्र वेगळी. पाऊण किलो तुकड्यांना मीठ, हळद व आले-लसणाचे वाटण लावून अर्धा तास थंड जागी झाकून ठेवावे. कांदा परतून तुकडे घालावेत, पातळ रसात झाकण ठेवून शिजवावे. ब्रॉयलर कोंबडीला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. गावठी कोंबडीला त्याच्या दुप्पट किंवा अधिक लागतो. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे काळसर मांसही गावठीप्रमाणेच सावकाश शिजवावे.

कोंबडी कच्ची राहणे हा या पाकक्रियेतील सर्वांत मोठा धोका होय. सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत चिरून पाहावा. रस स्वच्छ निघाला पाहिजे, त्यात तांबूस झाक नसावी. तापमापक असल्यास मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस तापमान दिसले पाहिजे. मग जाड रस घालावा. देशावरची चव हवी असल्यास जाड रसाऐवजी अर्धी वाटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण घालावे. त्या वाटणाला उकळीची भीती नाही.

स्वच्छता व साठवण

कच्ची कोंबडी नळाच्या जोरदार धारेखाली धुतल्यास तिच्यावरील जंतूंचे तुषार ओट्यावर व शेजारच्या भांड्यांवर उडतात. ती धुण्याची गरज नसते. शिजविण्याच्या उष्णतेनेच जंतू मरतात. कच्च्या मांसाची सुरी व पाट कोशिंबिरीसाठी वापरू नयेत. हात साबणाने धुवावेत.

नारळाचा रस व मांस यांचे मिश्रण जंतूंना पोषक असते. ५ ते ६० अंश सेल्सियस या मर्यादेत त्यांची वाढ झपाट्याने होते. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू देऊ नये, आणि कडक उन्हाळ्यात एका तासाच्या आतच ते थंड जागी जावे. सकाळची आमटी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवून रात्री वाढणे, ही सवय थंडीत एखादे वेळी निभावते, पण ज्येष्ठातील उष्म्यात तीच सवय सबंध घराला आजारी पाडू शकते. उरलेले अन्न उथळ भांड्यात काढून शीतकपाटात ठेवावे व पुन्हा वाढताना पूर्ण गरम करावे.

आहारमूल्य व सावधगिरी

१०० ग्रॅम कोळंबीत सुमारे १९ ग्रॅम प्रथिने असून स्निग्धांश अत्यल्प असतो. ओल्या खोबऱ्यात मात्र १०० ग्रॅममागे सुमारे ४० ग्रॅम स्निग्धांश असतो व त्याचा बहुतेक भाग संपृक्त प्रकारचा असतो. हृदयविकार असलेल्यांसाठी जाड रस कमी करून पातळ रसावरच आमटी करावी.

काही व्यक्तींना कोळंबीची अधिहर्षता असते. ती उत्पन्न करणारे प्रथिन शिजविल्यानेही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा श्वास कोंडणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करीत न बसता रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पंक्तीत पाहुणे असतील तर आमटीत काय आहे हे वाढण्यापूर्वी सांगावे आणि शाकाहारी पदार्थाला वेगळी पळी ठेवावी.

शिक्षकांसाठी

शाळेत याचे सोपे प्रात्यक्षिक करता येईल. नारळाचा रस दोन भांड्यांत घ्यावा. एक मंद आचेवर फक्त गरम करावा. दुसऱ्यात आमसुलाचे पाणी घालून तो जोराने उकळावा. विद्यार्थ्यांनी दोन्हींतील फरक पाहून कारण लिहावे. अम्ल, उष्णता, प्रथिने आणि तेल यांचा परस्परसंबंध पुस्तकातील व्याख्येपेक्षा त्यांना अधिक लवकर उमजेल.

ग्वाल्हेरच्या एखाद्या घरात कोकणातील आमटी शिजते, तेव्हा समुद्राची उणीव पुष्कळ अंशी भरून निघते. मात्र नारळ ताजा असावा, कोळंबी वासाने पारखलेली असावी, कोंबडी हाडापर्यंत शिजलेली असावी आणि उरलेले वेळेत थंड व्हावे. एवढे पाळल्यास चव आणि आरोग्य ही दोन्ही एकाच ताटात वाढता येतात.