पांढऱ्या चिलखताचा कानमंत्र

पार्सल आलं म्हणालीस. सगळे भाग जमिनीवर मांड, डावं-उजवं ओळख, पण कटरला आज हात लावू नकोस.

‘स्टार वॉर्स’मधल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकाचं चिलखत घरी येतं तेव्हा तो नुसता कच्चा माल असतो. एबीएस प्लास्टिकचा साधारण दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा तापवून साच्यावर टाकतात आणि खालून हवा खेचून घेतात; पत्रा साच्याला बिलगतो. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी इंग्लंडमध्ये ही चिलखतं अशीच काढली होती. साच्याच्या उंच कडांवर पत्रा ताणला जातो आणि तिथे तो पातळ होतो. म्हणून प्रत्येक भाग आधी दिव्यासमोर धर. जिथून उजेड जास्त झिरपतो, तिथे आतून पेन्सिलीने खूण कर. उद्या तडा जायचा तो तिथेच.

मग काळा घट्ट सूट अंगात घाल. हो, मापं नेहमी त्याच्यावरून. भाग मास्किंग टेपने अंगावर बांध आणि घरभर फीर. जिना चढ, हात वर कर, खाली वाक. मागच्या खुणा दुसऱ्या कुणाला तरी करू दे. आरशात बघून स्वतः केलेली खूण हमखास तिरकी जाते. तुझ्या उंचीला मांडीचे भाग लांब होतील. ते वरून, जांघेकडून कमी कर, खालची उठावाची कड तशीच राहू दे. आणि कापायचं ते खुणेच्या बाहेरून, थोडं थोडं. कापलेला पत्रा वाढत नाही.

सरळ रेषेला कात्री नको. लोखंडी पट्टी धरून कटरने दोन-तीनदा हलका चरा पाड आणि वाकव, तुकडा आपोआप सुटतो. वळणाला रिमोटच्या गाड्यांची बॉडी कापायची वाकड्या पात्याची कात्री घे. आतल्या बाजूचा कोपरा टोकदार ठेवू नकोस, त्याला गोलाई दे; सगळा ताण त्या टोकावर एकवटतो. काखेतली, कोपराजवळची आणि गुडघ्यामागची कड पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत कर की बोट फिरवलं तर कुठे अडकू नये. नाहीतर दोन कडांमध्ये कातडी अशी चिमटते की डोळ्यांत पाणी येतं.

जोडणीत मात्र माझं ऐकच. झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नकोस. तो ठिसूळ असतो, धक्का बसला की टचकन सुटतो. ई-६००० नावाचा ग्लू घे. तो सुकल्यावरही रबरासारखा लवचीक राहतो, आणि उद्या तुझं वजन कमी-जास्त झालं तर पत्र्याला इजा न होता सोलून काढता येतो. दोन कडा समोरासमोर टेकव, आतून एक पट्टी लाव, बाहेरून एक. बाहेरची पट्टी हाताला साधारण १५ मिलिमीटर रुंद, पायाला पुढून २०. वरून चिमटे आणि लोहचुंबक लावून एक संपूर्ण दिवस, जमलं तर दोन, त्याला हात लावू नकोस. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये अडकलेला ग्लू हळूहळू सुकतो. खिडक्या उघड्या ठेव, त्याची वाफ विषारी असते.

पट्टे आणि टिचबटणं यांकडे नवीन मंडळी दुर्लक्ष करतात. माझ्या मते चिलखत चांगलं की वाईट हे आतल्या पट्ट्यांवरून ठरतं. छाती, पोट, पाठ एकमेकांना इलास्टिकने बांधलेली हवीत, म्हणजे श्वास घेताना सगळं सोबत हलतं. मांड्यांचं वजन कमरेच्या आतल्या पट्ट्यावर येऊ दे.

तडा दिसला तर त्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाड, तो पुढे पळायचा थांबतो. उरलेल्या तुकड्यांचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून लगदा कर आणि आतून एबीएसचं ठिगळ लावून तो भर. थर पातळ दे. ॲसिटोन उडून गेलं की लगदा आक्रसतो, आणि जास्त झालं तर मूळ पत्राच मऊ पडतो. मग ओल्या पॉलिश पेपरने घास, ८०० पासून २००० पर्यंत, शेवटी प्लास्टिकचं पॉलिश. रंग मारलेला नसेल तर ओरखडा असाच निघून जातो. म्हणून पांढऱ्या एबीएसला रंग मारू नये असं मी सांगते.

पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, थिनर कधीच नाही. आतला घाम त्याच रात्री पूस, सूट धू, हेल्मेट उघड्यावर वाळव. उन्हात ठेवलंस तर एबीएस पिवळं पडतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पत्रे वाकतात. मुंबईच्या कॉमिक कॉनला नेणार असशील तर हे विशेष लक्षात ठेव. हेल्मेटमध्ये छोटा पंखा बसव, नाहीतर डोळ्यांपुढच्या काचेवर वाफ धरते.

१९९७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ५०१ लीजन या ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांच्या संघटनेची माणसं हीच चिलखतं घालून रुग्णालयातल्या मुलांना भेटायला जातात. तू गेलीस तर एकटी जाऊ नकोस. आतून पायाखालचं दिसत नाही, आणि समोर तीन वर्षांचं पोर उभं असू शकतं. शेजारी चालायला, पाणी द्यायला, सुटलेलं टिचबटण लावायला एक माणूस ठेव. त्याच्या खिशात ग्लूची ट्यूब, चिकटपट्टी आणि जादा टिचबटणं असू देत.