फोटोच्या बाजूची ती रिकामी चौकट : ऑल्ट टेक्स्ट आणि टायटल

व्हिडिओत साइटवर फोटो चढवून दाखवला, तेव्हा बाजूची ‘ऑल्ट टेक्स्ट’ची चौकट मी घाईत सोडून दिली. चूक माझीच. म्हणून इथं नीट लिहितोय.

आमचं निमोण्यात ठिबक आणि पाइप फिटिंगचं दुकान. साइटवर साठेक फोटो टाकले, दिसायला एकदम झकास. मग शिरूरहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांना दिसत नाही, फोनमधलं टॉकबॅक पडद्यावरचं वाचून दाखवतं. म्हणाले, “दादा, माल काय आहे तुमच्याकडं? माझा फोन नुसता आयएमजी दोन शून्य दोन तीन म्हणतोय.” प्रत्येक फोटोला लिंक होती आणि ऑल्ट लिहिलेलाच नव्हता. अशा वेळी वाचणारं ॲप बऱ्याचदा फाइलचं किंवा लिंकचं नावच वाचतं. दुकानात आले असते तर मी व्हॉल्व्ह त्यांच्या हातात दिला असता. साइटवर मात्र दारातूनच परत पाठवत होतो.

ऑल्ट म्हणजे फोटोच्या जागी वाचला जाणारा मजकूर. मळ्यात रेंज एका काडीवर असली आणि फोटो उघडलाच नाही, तर तिथं हाच मजकूर दिसतो. फोटोत काय आहे हे समजायला गुगलही तो वापरतं.

लिहायचा कसा? फोनवर गिऱ्हाइकाला जे सांगाल तेच लिहा. नुसतं ‘व्हॉल्व्ह’ कमी पडतं. ‘६३ एमएम पीव्हीसी बॉल व्हॉल्व्ह, निळं हँडल’ हे बरोबर. ‘चा फोटो’ लिहू नका, ते ॲप स्वतःच सांगतं. ‘पाइप शिरूर स्वस्त पाइप निमोणे पाइप’ असली भरताडही नको, गुगलला ती स्पॅम वाटते आणि ऐकणाऱ्याचं डोकं उठतं. व्हॉट्सॲपच्या चिन्हावर लिंक असेल तर ‘हिरवं चिन्ह’ नाही, ‘व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या’ असं लिहा. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर कोडमध्ये ऑल्ट ठेवायचा, पण अवतरणचिन्हांत काहीच लिहायचं नाही. मग ॲप ती गपचूप सोडून देतं. ऑल्टच काढून टाकला तर पुन्हा फाइलच्या नावाचा घोळ.

आता टायटल. माउस फोटोवर नेला की छोटी पट्टी दिसते ती. आपली निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं मोबाइलवाली, तिथं माउस कुठला? पट्टी दिसतच नाही. वाचणारी ॲपही टायटल वाचतीलच असं नाही. म्हणून दर किंवा ‘माल संपला’ टायटलमध्ये कधीच टाकू नका. ऑल्टचंच वाक्य तिथं चिकटवलं तर कधी कधी तेच दोनदा ऐकू येतं. मी तर टायटल रिकामंच ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक आपण दराच्या पोस्टरमध्ये करतो. वीस वस्तूंचे दर एका चित्रात, आणि खाली एक अक्षर नाही! ते दर पानावर साध्या तक्त्यात लिहा. चित्राच्या ऑल्टमध्ये ‘खरीप हंगामाचे दर, तक्ता खाली’ एवढं पुरे. कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुलभ सेवेसाठी खासगी सेवा देणारेही धरलेत.

साठ फोटोंना मला दोन संध्याकाळी लागल्या. मग त्याच गिऱ्हाइकांना फोन करून साइट ऐकायला लावली. दहा मिनिटांत त्यांनी माझी चूक पकडली: “दादा, फोटोला ६३ लिहिलंय आणि दर ७५ चा लावलाय.”